गिअरचं गाऱ्हाणं

मी सायकलच्या गिअरवर बोलणार आहे असं घरी सांगितलं, तेव्हा सगळे हसले. कवितेवर बोलणार असतो तर कुणी हसलं नसतं, आणि कुणी ऐकलंही नसतं. पण सायकलचा विषय सध्या घराघरातला आहे. २०२० च्या लॉकडाऊननंतर ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत गिअरच्या सायकली मोठ्या हौसेने घेतल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी आज सोसायटीच्या जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी धूळ खात उभ्या दिसतात. मालकाला विचारावं, 'का हो, चालवत नाही?' तर बहुतेक वेळा उत्तर येतं, 'फार आवाज करायला लागली.'

म्हणून आज या आवाजाबद्दलच बोलू. तो कुठून येतो, काय सांगतो आणि खिशाला फार चाट न लावता तो बंद कसा करायचा.

माझी सायकलही अशीच कुणीतरी टाकून दिलेली. वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, जिला रोड बाईक म्हणतात ती. पुढे दोन चकत्या, एक पन्नास दात्यांची आणि एक चौतीस दात्यांची. मागे लहानमोठ्या आठ चकत्या. राबोडीतल्या घरापासून नितीन कंपनीच्या चौकातून वागळे इस्टेट, जाऊन-येऊन नऊ-दहा किलोमीटर. तिथल्या एका कंपनीत मी स्टोअरकीपर आहे. बी.ए. झालो मराठी घेऊन, आणि आयुष्य गेलं नट-बोल्ट मोजण्यात. तक्रार नाही, दोन्हींत मोजमाप लागतंच.

वागळे इस्टेट आमच्या घरात दोन पिढ्यांची. आपली एमआयडीसी १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झाली, आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. माझे अब्बा तिथल्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात फिटर होते. माझ्या लहानपणी भोंगा झाला की काळ्या सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा. शेकडो सायकली, पण आवाज फक्त घंट्यांचा. त्या सायकलींना गिअर नव्हता. चेन जाड, सरळ रेषेत चालणारी, आणि तिच्यावर पत्र्याचं पूर्ण झाकण. आत पाणी नाही, धूळ नाही. वर्षातून एकदा झाकण उघडून तेल सोडलं की काम झालं.

अब्बा मशीनचा बिघाड कानाने ओळखायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आत काय चाललंय ते ऐकू येतं. अजूनही जुने फिटर असं करतात. अब्बांचा एक नियम होता. मशीन कुरकुरलं की ऑपरेटर आधी पान्याकडे हात न्यायचा. अब्बा त्याचा हात धरायचे आणि म्हणायचे, 'पहले सुन तो ले.' आधी ऐकून तर घे.

हा नियम मला पाठ होता. तरी गेल्या पावसाळ्यात मी तो मोडला, आणि गुडघा फोडून घेतला.

झालं असं. एका संध्याकाळी मी सायकल जिन्यापाशी लावत होतो. माझी मुलगी वरून म्हणाली, "अब्बा, तुमची सायकल रडतेय." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती म्हणाली, "चीं चीं करतेय, एवढंही ऐकू येत नाही?" मी म्हटलं, पावसाचे दिवस आहेत, होतं असं. खरं कारण वेगळं होतं. माझं स्टोअर वीस वर्षं प्रेस शॉपच्या भिंतीला लागून होतं. कानाच्या डॉक्टरांनी पुढे आलेख काढून दाखवला. कारखान्याच्या गोंगाटाने कान जातो तो आधी वरच्या पट्टीत, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास. माणसांचं बोलणं बरंचसं ऐकू येत राहतं, म्हणून आपल्याला काही कमी झालंय हे कळतच नाही. अब्बांचं असंच झालं होतं. आणि कोरड्या चेनचा आवाज नेमका त्या वरच्या पट्टीतला.

पुढे आठवड्याभरात मलाही ऐकू येईल असा आवाज सुरू झाला. मागच्या एकाच गिअरमध्ये टक-टक-टक. मी काय केलं? घरात स्क्रू ड्रायव्हर होता. गिअर बदलणाऱ्या यंत्रावर दोन छोटे स्क्रू दिसले, ते थोडे थोडे फिरवले. आवाज बदलला, म्हणून समाधान मानलं. तिसऱ्या दिवशी नितीन कंपनीच्या चौकात सिग्नल सुटला, मी उभा राहून पेडलवर भार दिला, आणि चेन सटकली. पाय खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला, सायकल आडवी. मागच्या रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

मी एका दुकानात सायकल नेली. मुलाने चाक एकदा फिरवलं आणि सांगितलं, "पूर्ण सेट बदला. चेन, कॅसेट, मागचं डिरेलर. आठ हजार." सायकलच मी नऊ हजारांना घेतली होती. मला वाटलं, हिचीही जागा आता जिन्याखाली.

पण टाकण्याआधी किसननगरच्या आप्पांना दाखवावी म्हटलं. आप्पांचं दुकान म्हणजे एक शटर, एक पंप आणि पाण्याची घमेली. मूळ गाव साताऱ्याकडे, पण चाळीस वर्षं इस्टेटमधल्या कामगारांच्या सायकली केल्या. मला पाहून नेहमीसारखे म्हणाले, "काय शायर, काय मोडलं आज?" मी आठ हजारांची कथा सांगितली. ते ऐकून घेतलं आणि त्यांनी तीन प्रश्न विचारले. "आवाज कधी येतो? कुठल्या गिअरला येतो? आणि किती फेऱ्यांनी येतो?"

एकाचंही उत्तर मला नीट देता आलं नाही. आज मी जे सांगणार आहे ते सगळं या तीन प्रश्नांत आहे.

त्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. गिअरची सायकल मुळात जास्त बोलकी का? आपण आज जी रोलर चेन वापरतो ती हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये केली. प्रत्येक कडीत एक पिन, तिच्यावर फिरणारा रोलर. म्हणून घर्षण कमी. ही चेन सरळ रेषेत उत्तम चालते. गिअरच्या सायकलमध्ये मात्र आपण तिला रोज रेषेबाहेर ओढतो. हे ओढण्याचं काम करणारं यंत्र म्हणजे डिरेलर. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'रुळावरून उतरवणारा'. लोकल रुळावरून उतरली की आपण बातमी करतो. इथे चेन रोज शंभर वेळा उतरवायची आणि शेजारच्या रुळावर अलगद बसवायची. हे यंत्र बराच काळ लोकांना लबाडी वाटे. टूर द फ्रान्स या शर्यतीत त्याला परवानगी मिळाली ती १९३७ साली.

सुरुवातीच्या गिअरला 'टक्' असा टप्पा नव्हता. लिव्हर सरकवायची आणि कानाने अंदाज घ्यायचा, चेन नीट बसली की नाही. आवाज आला तर केसभर इकडे-तिकडे. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने मोजून टप्पे पाडलेली गिअरची पद्धत आणली. एक टक्, एक गिअर. चालवणाऱ्याच्या कानाचं काम यंत्राने घेतलं. पण त्यासाठी तारेचा ताण अगदी बरोबर असावा लागतो. माझ्यासारख्या आठ गिअरच्या सायकलमध्ये एका चकतीपासून दुसरीचं अंतर जेमतेम ४.८ मिलिमीटर, दहा गिअरच्या सायकलमध्ये सुमारे चार. एक मिलिमीटरचा फरक पडला तरी चेन शेजारच्या चकतीला घासायला लागते. आपल्याला ऐकू येते ती टकटक ही.

आता आप्पांचा पहिला प्रश्न. आवाज कधी येतो? मोकळ्या रस्त्यावर सायकल थोडी वेगात आणा आणि पेडल मारणं थांबवा. उपवन तलावाकाठी सकाळी हे करायला छान जागा आहे. पेडल थांबवल्यावर मागच्या चाकातून जी करकर येते, ती फ्रीव्हीलची, ती नैसर्गिक आहे. त्याशिवायचा आवाज चालूच राहिला, तर दोष गिअरचा नाही. ब्रेक घासतोय, स्पोक ढिला आहे किंवा टायरमध्ये काही रुतलंय. पेडल थांबताच आवाज थांबला, तर तो चेन, चकत्या, पेडल किंवा क्रँकचा. मग एकदा उभं राहून पेडल मारा. बसल्यावर आवाज येतो आणि उभं राहिल्यावर जातो, तर बिचारी सीटच कुरकुरत असते. लोक गिअरवर पैसे घालतात आणि दोष सीटच्या दांड्यात निघतो.

दुसरा प्रश्न, कुठल्या गिअरला? सगळ्या गिअरमध्ये चीं चीं येत असेल, तर चेन कोरडी आहे किंवा डिरेलरच्या दोन छोट्या चाकांना तेल नाही. मागच्या दोन-तीन गिअरमध्येच टकटक येत असेल, तर तारेचा ताण चुकलाय किंवा डिरेलर वाकलंय. पुढच्या बाजूने खर्र असा घासण्याचा आवाज येत असेल, तर चेन पुढच्या पिंजऱ्याला लागते आहे. हा शेवटचा आवाज कित्येकदा बिघाडच नसतो. पुढे मोठी चकती आणि मागेही सर्वांत मोठी, किंवा दोन्हीकडे लहान, अशी जोडी लावली की चेन तिरकी ताणली जाते आणि घासणारच. अशी जोडी टाळायची. बऱ्याच सायकलींच्या डाव्या लिव्हरला एक अर्धा टप्पा असतो. हलकेच दाबला की पिंजरा थोडा सरकतो आणि आवाज बंद. ही सोय आपल्या सायकलला आहे हे मला वर्षभर माहीत नव्हतं.

तिसरा प्रश्न, किती फेऱ्यांनी? हा मला सगळ्यांत आवडला, कारण यात मात्रा मोजायच्या आहेत. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा आवाज येत असेल, तर पेडल, क्रँक किंवा त्यांच्यामधलं बेअरिंग बघा. कधी कधी पुढच्या गिअरच्या तारेचं उरलेलं टोक बाहेर आलेलं असतं आणि क्रँक दर फेऱ्याला त्याला टपली मारते. पेडलच्या दोन-तीन फेऱ्यांतून एकदा टिक् होत असेल, तर चेनची एखादी कडी अडकली आहे. हिशेब सोपा आहे. चेनला साधारण ११० कड्या. पुढे ५० दात्यांची चकती असेल, तर पूर्ण चेन फिरायला पेडलचे सव्वादोन फेरे लागतात. ३४ दात्यांची असेल तर सव्वातीन. माझ्या मुलीने एका कडीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. मागचं चाक उचलून पेडल हाताने उलटं फिरवायचं. ठिपका ठरावीक जागी आला की टिक् होतंय का, हे लगेच कळतं. फक्त बोटं चेन आणि चकतीपासून लांब ठेवा. बोट त्यात सापडलं तर ते पुढे नीट होत नाही.

दोन आवाज मात्र असे, की ते आले तर सायकल तिथेच थांबवायची. पहिला, सर्वांत मोठ्या मागच्या चकतीवर गेल्यावर स्पोकमधून टिणटिण येणं. डिरेलर स्पोकला लागतोय याची ही खूण. तो आत ओढला गेला, तर चाक, डिरेलर आणि चालवणारा तिघांचंही नुकसान. दुसरा, जोर दिल्यावर खट् करून चेन उडी मारणं. माझी मारत होती.

आप्पांनी शटरच्या हुकाला दोर बांधून सायकल लटकवली. त्यांच्याकडे स्टँड नाही. मग सायकलच्या मागे जाऊन उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून पाहिलं. "शायर, इकडं या. ही दोन चाकं एकाखाली एक सरळ दिसतात का?" डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या चकतीच्या रेषेत उभी हवीत. माझी खालच्या बाजूला आत झुकली होती, स्पोककडे. "सायकल उजव्या अंगावर पडली होती का?" पडली होती. कंपनीच्या गेटपाशी कुणाच्या तरी स्कूटरच्या धक्क्याने, जूनमध्ये. मी उचलली, पुसली आणि विसरलो.

डिरेलर ज्या पट्टीला टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलमध्ये ही पट्टी मुद्दाम नरम आणि वेगळी ठेवतात, म्हणजे सायकल पडली तर ती वाकावी आणि फ्रेम वाचावी. माझी वाकली. त्यामुळे चेन एका चकतीवर पूर्ण बसायची नाही, अर्धी शेजारच्या दाताला टेकायची, आणि भार आला की उडायची. मी जे दोन स्क्रू फिरवले होते त्यांचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता. त्या स्क्रूंवर एच आणि एल अशी अक्षरं असतात. चेनने दोन्ही टोकांना कुठवर जायचं, एवढी हद्द ते ठरवतात. मधल्या गिअरची टकटक त्यांनी जात नाही. उलट हद्द सैल झाली की चेन स्पोकमध्ये जाऊ शकते. मी नेमकं ते करून ठेवलं होतं. ते आधी आप्पांनी जागेवर आणले.

हँगर सरळ करण्याची आप्पांची रीत पाहण्यासारखी. डिरेलर सोडवला. कोपऱ्यातून एका जुन्या गिअरच्या सायकलचं मागचं चाक आणलं. त्याच्या आसाचे आटे दहा मिलिमीटरचे, हँगरच्या भोकातही तेच आटे. आस हलक्या हाताने भोकात फिरवून बसवला. आता सायकलचं स्वतःचं चाक आणि त्याच्या बाजूला हे पाहुणं चाक. दोन्ही समांतर असतील तर हँगर सरळ. माझ्याकडे अब्बांची बारा इंची पोलादी पट्टी होती. ती मी कायम पिशवीत ठेवतो. आप्पांनी वर, खाली, पुढे, मागे अशा चार जागी दोन्ही चाकांमधलं अंतर मोजलं. खाली जवळपास दोन सेंटिमीटर कमी. पाहुणं चाक धरून त्यांनी सावकाश बाहेर ओढलं, पुन्हा मोजलं, पुन्हा ओढलं. चौथ्यांदा चारही अंतरं सारखी. "एकदा चालतं," ते म्हणाले. "पुन्हा पुन्हा वाकवाल तर मोडेल. नवा हँगर आणून घरात ठेवा." प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, म्हणून जुना काढून दुकानात नेऊन जुळवून घ्यावा.

मग तार. मागच्या गिअरची तार ज्या प्लास्टिकच्या नळीतून डिरेलरमध्ये शिरते, तिथे एक वळसा असतो. पावसाचं पाणी आणि चिखल तिथे साठतो. तार आत गंजली की ती ओढली जाते नीट, पण परत सुटताना अडकते. हे ओळखायचं कसं? मोठ्या चकतीवर चढताना गिअर चटकन पडतो आणि लहान चकतीवर उतरताना उशीर लावतो, तर तार गंजलेली. माझी काढली तेव्हा शेवटचा वीतभर भाग तपकिरी होता. नवी तार आणि नळीचा तुकडा मिळून दोनशे रुपये.

त्यानंतर ताण लावणं. हे घरी कुणालाही जमेल. तार डिरेलरमध्ये शिरते तिथे बोटांनी फिरवायची एक छोटी खाचांची टोपी असते, तिला बॅरल म्हणतात. चेन सर्वांत लहान चकतीवर आणा. हाताने पेडल फिरवत एक टप्पा दाबा. चेन दुसऱ्या चकतीवर चढलीच नाही किंवा रेंगाळली, तर तार ढिली आहे. सायकलच्या मागे उभं राहून बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा. पुन्हा पाहा. चेन चढली, पण तिसऱ्या चकतीला घासून आवाज करते, तर ताण जास्त झाला. घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. प्रत्येक वेळी पाव फेराच, आणि एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पण हे सगळं हँगर सरळ आणि तार मोकळी असेल तरच. नाहीतर एक गिअर नीट होतो आणि दुसरा बिघडतो, आणि माणूस बॅरल फिरवत बसतो.

राहिली चेन. दुकानातल्या मुलाने ती संपली म्हणून सांगितलं होतं. आप्पा म्हणाले, "मोजू की, त्यात काय!" सायकलच्या चेनची एक पिन दुसरीपासून बरोबर अर्ध्या इंचावर असते. म्हणजे चोवीस कड्यांचं अंतर बारा इंच. पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर धरायचं आणि बारा इंचावर काय आहे ते पाहायचं. नव्या चेनची पिन बरोबर बारावर येते. पिन एक सोळांश इंचाने, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास पुढे गेली असेल, तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर झिजलेल्या चेनने मागच्या चकत्यांचे दातही खाल्लेत. मग दोन्ही बदलावं लागतं. आपण म्हणतो चेन ताणली गेली. पोलाद ताणलं जात नाही. आत पिना झिजतात आणि प्रत्येक कडीत केसभर फट पडते. माझी चेन सोळांशाच्या निम्म्यावरसुद्धा नव्हती. आठ हजारांतलं काहीच बदलायची गरज नव्हती. त्या मुलाला दोष देत नाही. त्याने मोजलं नाही एवढंच. मोजलं तर मीही नव्हतं, आणि पट्टी तर माझ्याच पिशवीत होती.

चेन टिकवायची कशी, हेही सांगतो. ठाण्यात मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून रस्त्यावर सिमेंट आणि कच यांची कमी राहिली नाही. पावसात हे सगळं चेनवर उडतं. अनेकजण त्यावर आणखी तेल ओततात. अब्बा सांगायचे, व्हॉल्व्ह घासायला मेकॅनिक जी पेस्ट वापरतो ती म्हणजे तेल आणि बारीक कच, दुसरं काही नाही. मळलेल्या चेनवर तेल ओतणं म्हणजे ती पेस्ट आपल्या हाताने तयार करणं. आधी डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चेन पुसा, कोरडी करा. मग प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा, आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. तेल पिनांच्या आत हवं, बाहेर दिसणारं तेल धूळ धरतं. गाडीचं काढलेलं काळं ऑइल नको, घट्ट ग्रीस नको. गंज सोडवायचा फवारा म्हणजेही वंगण नव्हे. तो पुसायला चांगला, पण त्यावर तेल द्यावंच लागतं. पावसाळ्यात रोज घरी आल्यावर फडकं फिरवायचं, आठवड्यातून एकदा तेल. पाच मिनिटांचं काम.

आप्पांनी सगळ्याचे मिळून साडेचारशे रुपये घेतले, दोनशेचं सामान धरून. मी आणखी शंभर पुढे केले तर म्हणाले, "राहू द्या. त्यापेक्षा सायकल पडली की त्याच दिवशी घेऊन या. लोक आवाज मोठा होईपर्यंत थांबतात." हे त्यांनी सायकलबद्दल सांगितलं. मला कानाच्या डॉक्टरांचा आलेख आठवला. अब्बा शेवटी शेवटी आमच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे, आणि तरी म्हणायचे की कान ठीक आहेत. मी तपासणीला गेलो ते मुलीने हट्ट धरला म्हणून.

आता आमच्याकडे रविवारी एक कार्यक्रम असतो. सायकल उलटी करून गॅलरीत ठेवायची. मी पेडल फिरवतो आणि मुलगी खाली बसून ऐकते. "तिसऱ्याला घासतेय," ती म्हणते, मी बॅरल पाव फेरा फिरवतो. "आता नाही." चेनची चीं चीं मला आता ऐकू येणार नाही, हे मी मान्य केलंय. पण बोट हलकेच डिरेलरच्या अंगावर, चेनपासून दूर ठेवलं की घासण्याची थरथर हाताला कळते. अब्बांचे कान गेल्यावर तेही मशीनवर तळहात ठेवायचे. आम्हाला वाटायचं, थोपटतायत.

तुमच्या जिन्याखाली अशी एखादी सायकल असेल तर ती भंगारात देण्याआधी बाहेर काढा. मागे उकिडवं बसून डिरेलर सरळ आहे का पाहा. बारा इंचांची पट्टी चेनला लावा. फडकं फिरवा, थेंब थेंब तेल द्या. मग पेडल फिरवून आप्पांचे तीन प्रश्न विचारा: कधी, कुठल्या गिअरला, किती फेऱ्यांनी. उत्तरं कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन मेकॅनिककडे जा. निम्मं काम तुमचं तिथेच झालेलं असेल. आणि माझ्यासारखी पन्नाशी उलटली असेल, तर ऐकायला घरातल्या एखाद्या लहान पोराला शेजारी बसवा.